खेळाडू थांबतो तिथून पुढे: पुलेला गोपीचंद यांच्या प्रशिक्षकपणाचा प्रकरण अभ्यास

खेळाडू म्हणून नाव कमावून पुढे प्रशिक्षक झालेल्या माणसाचे आत्मकथन हाती घेतले, की त्यात दुखापतीचे प्रकरण येणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. खेळाडू पडतो, डॉक्टर मान हलवतात, घरचे धीर देतात आणि काही पानांनंतर तोच खेळाडू विजेत्याच्या चौथऱ्यावर उभा दिसतो. या मांडणीत खोटे काही नसते, पण तिच्यातून निघणारा धडा अपुरा असतो. जिद्द हे त्या माणसाच्या पुनरागमनाचे एक कारण असेलही, परंतु पुढे तो चांगला प्रशिक्षक का झाला याचे उत्तर जिद्दीत सापडत नाही. जिद्दी खेळाडू पुष्कळ असतात आणि त्यांतल्या अनेकांना दुसऱ्याला शिकवणे जमत नाही.

हा फरक तपासण्यासाठी बॅडमिंटनपटू पुलेला गोपीचंद यांच्या कारकिर्दीइतके उपयोगी प्रकरण मला आपल्याकडे दुसरे दिसत नाही. खेळाडू म्हणून त्यांनी २००१ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली आणि प्रशिक्षक म्हणून त्यांच्या दोन शिष्यांनी ऑलिंपिक पदके मिळवली, एवढे बहुतेक वाचकांना माहीत असते. या दोन टोकांच्या मध्ये जे घडले त्याची मात्र ‘मेहनत’ या एका शब्दावर बोळवण केली जाते. मला त्या मधल्या भागाविषयी लिहायचे आहे. स्वतःच्या अनुभवातले त्यांनी काय पुढे नेले, काय मागे ठेवले आणि कोणत्या ठिकाणी तो अनुभव पुरला नाही, हे तीन प्रश्न मी मुद्दाम वेगळे काढलेले नाहीत, कारण प्रत्यक्षातही ते एकमेकांत गुंतूनच समोर आले.

पुण्यातला सामना

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा मुंबई आणि पुणे येथे झाल्या. बालेवाडीचे क्रीडासंकुल त्याच स्पर्धांसाठी उभे राहिले. पुण्यात दुहेरीचा सामना खेळताना गोपीचंद यांची आपल्याच जोडीदाराशी टक्कर झाली आणि गुडघ्यातील, एसीएल या नावाने ओळखला जाणारा अस्थिबंध तुटला. त्या वेळी ते वीस वर्षांचे होते.

या दुखापतीचा बॅडमिंटनमध्ये काय अर्थ होतो हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही नीट कळणार नाही. एसीएल हा मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत जोडतो. नडगीला पुढे सरकू न देणे आणि पाय रोवून अंग वळवताना गुडघा स्थिर ठेवणे हे त्याचे काम. सरळ रेषेत चालणाऱ्या माणसाचे त्याच्यावाचून एक वेळ निभावते. बॅडमिंटनपटूचे निभावत नाही. नेटजवळ पडणारे शटल उचलण्यासाठी तो एक पाय लांब टाकून खाली झुकतो आणि त्याच पायावर जोर देऊन मागे परततो. मागच्या कोपऱ्यातून उडी मारून स्मॅश मारल्यावर अनेकदा एकाच पायावर उतरतो, आणि एका सामन्यात हे असंख्य वेळा घडते. शरीरातील दुसऱ्या ठिकाणचा कंडरा घेऊन नवा अस्थिबंध बसवता येतो, पण त्यानंतर मैदानावर परतायला साधारणपणे सहा महिने ते एक वर्ष लागते, आणि शस्त्रक्रिया कितीही चांगली झाली तरी त्या पायावर पूर्ण भार टाकताना मन कचरते ते बराच काळ कचरत राहते. गोपीचंद यांना एकाहून अधिक शस्त्रक्रियांना सामोरे जावे लागले.

तरीही १९९६ पासून ते सलग पाच वर्षे राष्ट्रीय विजेते राहिले. पुढे मार्च २००१ मध्ये बर्मिंगहॅम येथे उपांत्य फेरीत डेन्मार्कच्या पीटर गेडला १७-१४, १७-१५ असे आणि अंतिम फेरीत चीनच्या चेन हाँगला १५-१२, १५-६ असे हरवून त्यांनी ऑल इंग्लंडचे विजेतेपद मिळवले. १९८० मध्ये प्रकाश पदुकोण यांनी ते आणल्यानंतर २१ वर्षे ते कोणाही भारतीयाच्या हाती लागले नव्हते.

आत्मकथनाचा वाचक येथे पुस्तक मिटून उत्साहाने उठतो. मला मात्र या टप्प्यावर दोन गोष्टींची नोंद करावीशी वाटते, कारण पुढच्या प्रशिक्षकाची बीजे त्यांत आहेत. पहिली गोष्ट नशिबाची आहे. गोपीचंद यांनी अनेक व्यासपीठांवरून मोकळेपणाने सांगितले आहे, की त्यांचे थोरले बंधूही उत्तम खेळत होते. बंधू आयआयटीची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले आणि त्यांचा खेळ सुटला, तर हे स्वतः अभियांत्रिकीच्या परीक्षेत नापास झाले आणि खेळत राहिले. आपल्या यशाच्या मुळाशी एक अपयश होते हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण आपल्याइतक्याच लायकीचा दुसरा खेळाडू केवळ व्यवस्थेच्या रेट्यामुळे बाजूला गेला, हे त्याच दमात सांगणारा माणूस विरळा. असे ज्याला दिसते, त्याला गुणी मुले आणि त्यांना मिळणारी संधी यांच्यातले अंतरही दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे हा माणूस एकट्याने परतला नाही. हैदराबादेत एस. एम. आरिफ यांच्यासारख्या गुरूंनी त्यांचा पाया घातला होता आणि पुढे बंगळूरु येथील पदुकोण यांच्या अकादमीत सराव करण्याची सोय त्यांना मिळाली. शस्त्रक्रिया करणारे हात, पाय पुन्हा चालता करणारा व्यायाम, समोर उभे राहून खेळणारे तुल्यबळ जोडीदार आणि हवा तेव्हा मिळणारा कोर्ट, यांतले एक जरी नसते तरी त्या जिद्दीचे काय झाले असते हे सांगता येत नाही. माझ्या मते गोपीचंद यांनी आपल्या दुखापतीतून घेतलेला खरा धडा हा होता. प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी आधी काय उभे केले ते पाहिले, की हे म्हणणे पटावे.

आधी जागा

ऑल इंग्लंड जिंकल्यावर एका शीतपेयाच्या जाहिरातीसाठी आलेला प्रस्ताव त्यांनी नाकारला, कारण जे पेय मुलांच्या हिताचे नाही असे आपल्याला वाटते त्याची भलामण करणे त्यांना मान्य नव्हते. ही गोष्ट सर्वत्र आदराने सांगितली जाते आणि तसे सांगितलेही जावे. पण तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो: ज्या माणसाने तो पैसा नाकारला, त्यालाच थोड्या काळात मोठ्या पैशाची निकड भासणार होती.

२००३ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने हैदराबादजवळ गच्चीबावली येथे अकादमीसाठी सुमारे ५ एकर जमीन भाडेपट्ट्याने दिली. जमीन मिळाली तरी इमारतीला पैसा हवा होता. एका उद्योजकाने ५ कोटी रुपयांची देणगी दिली. उरलेल्या रकमेसाठी गोपीचंद यांनी राहते घर गहाण ठेवले. आठ कोर्टांची ही अकादमी २००८ मध्ये सुरू झाली. म्हणजे विजेतेपदानंतरची सात वर्षे, जेव्हा नावाची किंमत सर्वांत जास्त असते, ती त्यांनी परवानग्या, बांधकाम आणि कर्ज यांत घालवली.

घर गहाण ठेवण्याची हकीकत प्रेरणेसाठी वापरली जाते, आणि ती ऐकून आपणही सर्वस्व पणाला लावावे असे वाटणे स्वाभाविक आहे. मला त्यात वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी घर गहाण ठेवले ते स्वतःच्या पुनरागमनासाठी नव्हे, आणि एखाद्या लाडक्या शिष्यासाठीही नव्हे. ते कोर्टांसाठी होते. बॅडमिंटनमध्ये चांगल्या खेळाडूचे वय, वेळ आणि शरीर हे तिन्ही झिजत असतात, आणि ते सर्वांत जास्त झिजतात ते वाट पाहण्यात. सभागृह दुसऱ्या कार्यक्रमासाठी दिले आहे, म्हणून आज सराव नाही. कोर्ट एक आणि खेळणारे बारा, म्हणून प्रत्येकाला अर्धा तास. जमीन कडक सिमेंटची, म्हणून गुडघे आणि घोटे दुखणार. पिसांचे शटल १६ पिसांचे असते आणि जोरदार फटक्यांखाली ते भराभर तुटते. ते जपून वापरावे लागले, की स्मॅशचा सरावच आखडता घ्यावा लागतो. या गोष्टींवर कोणतेही प्रेरक भाषण उपाय नाही. आठ कोर्ट एका छताखाली असले, तर त्याच मुलाला पहाटे साडेचारला आणि पुन्हा संध्याकाळी खेळता येते, समोर आपल्याहून वरचढ खेळाडू मिळतो, आणि पाय मुरगळला तर तो पाहणारा माणूस जवळच असतो.

खेळाडूचा अनुभव प्रशिक्षकाच्या कामात उतरतो तो असा. ‘मी सोसले, तूही सोस’ असे म्हणणारा प्रशिक्षक आपल्या वेदनेला मोठेपणा देतो. ‘मला जे मिळायला उशीर झाला ते तुला वेळेवर मिळेल’ असे म्हणणाऱ्याला मात्र त्या वेदनेचा हिशेब मांडावा लागतो, म्हणजे ती कशामुळे झाली, कोणत्या सोयीने टळली असती आणि ती सोय किती पैशांत उभी राहते हे पाहावे लागते. हा हिशेब कोरडा दिसतो, पण शिष्याविषयीची माया मला त्यातच सर्वांत स्पष्ट दिसते.

आपण खेळलो तो खेळ उरला नाही तेव्हा

२००६ मध्ये गोपीचंद राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय बॅडमिंटनची गुणपद्धती बदलली. हा योगायोग माझ्या पाहण्यात फारसा कोणी मांडलेला नाही, पण या प्रकरणात तो कळीचा आहे.

गोपीचंद ज्या पद्धतीत वाढले आणि जिंकले, तीत फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळत असे. पुरुषांचा गेम १५ गुणांचा असे. रॅली, म्हणजे शटलची एक सलग देवघेव, हरली तर सर्व्हिस जाई, पण गुण जात नसे. त्यामुळे सुरुवातीला चाचपडणाऱ्या खेळाडूला सावरायला सवड मिळे. प्रतिस्पर्ध्याला दमवणे, त्याच्या हातून सर्व्हिस पुन्हा पुन्हा काढून घेणे, दीर्घ काळ टिकून राहणे या गोष्टींना मोल होते. नव्या पद्धतीत गेम २१ गुणांचा झाला आणि प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला. आता चूक लगेच फलकावर दिसते. पहिल्या पाच-सहा रॅलींत बेसावध राहिलेला खेळाडू गेमभर मागेच धावत राहतो.

म्हणजे ज्या अनुभवाच्या बळावर ते शिकवायला उभे राहिले, त्यातला बराच भाग त्याच वर्षी जुना झाला. या जागी दोन मार्ग असतात. एक, आमच्या काळचा खेळच खरा होता असे म्हणत राहणे. मोठ्या खेळाडूंना हा मोह फार सहज होतो आणि ऐकणारे मान डोलावत असल्यामुळे त्यातली हानी लक्षातही येत नाही. दुसरा, आपल्या अनुभवातला कोणता भाग नियमांवर अवलंबून होता आणि कोणता नव्हता हे वेगळे करणे. नेटजवळची मनगटाची नजाकत, कोर्टच्या मध्यावर परतण्याची शिस्त, दमल्यावरही पाय न थांबवण्याची तयारी या गोष्टी दोन्ही पद्धतींत लागतात. सामन्याची गती कशी राखायची, हे मात्र नव्याने शिकावे लागते.

नव्या पद्धतीत एक लहानशी गोष्ट प्रशिक्षकाच्या दृष्टीने फार मोठी आहे. आघाडीवरच्या खेळाडूचे ११ गुण झाले की ६० सेकंदांची विश्रांती मिळते आणि दोन गेमच्या मध्ये १२० सेकंदांची. घाम पुसून पाणी पिण्यात त्यातला निम्मा वेळ जातो. उरलेल्या अर्ध्या मिनिटात, हृदयाचे ठोके वाढलेल्या माणसाच्या डोक्यात एक किंवा फार तर दोन सूचना राहू शकतात. जो प्रशिक्षक त्या वेळी स्वतःची आठवण सांगू लागेल, तो शिष्याचे नुकसान करील. आयुष्यभराचा अनुभव ‘मागच्या डाव्या कोपऱ्यात टाक आणि थांबू नकोस’ एवढ्या वाक्यात बसवता येणे ही वेगळी विद्या आहे, आणि ती विजेतेपदाबरोबर आपोआप येत नाही.

सायना नेहवाल ही या काळात घडलेली पहिली मोठी खेळाडू. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचली, २००९ मध्ये इंडोनेशिया ओपन जिंकून सुपर सिरीज या वरच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय मालिकेतला किताब मिळवणारी पहिली भारतीय ठरली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिने कांस्यपदक मिळवले. त्या पदकाच्या सामन्यात चीनच्या वँग शिनने पहिला गेम जिंकला होता, पण तिच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि दुसऱ्या गेमच्या प्रारंभीच तिला सामना सोडावा लागला. भारतीय बॅडमिंटनचे पहिले ऑलिंपिक पदक समोरच्या खेळाडूचा गुडघा गेल्यामुळे निश्चित झाले, आणि विजेत्या बाजूचा प्रशिक्षक असा होता, की गुडघा जाणे म्हणजे काय हे त्याला स्वतःच्या शरीराने सांगितले होते. या प्रसंगातून काही शिकवण काढण्याचा मोह मी टाळतो. मात्र खेळात कोण परततो आणि कोण नाही हे केवळ मनोबलावर ठरत असते, तर असे प्रसंग घडलेच नसते, एवढे लक्षात ठेवावे.

सिंधूची आरोळी आणि सिंधूचा फोन

पी. व्ही. सिंधूच्या तयारीतील दोन प्रसंग लोकांना फार आवडतात. त्यांतला पहिला मला या संपूर्ण प्रकरणाचा गाभा वाटतो, तर दुसऱ्याचा गैरवापर होताना दिसतो, म्हणून दोन्ही सविस्तर पाहतो.

पहिला प्रसंग सिंधूने स्वतः जाहीरपणे सांगितला आहे. ती १७९ सेंटिमीटर उंचीची, लांब हातांची आणि आक्रमक फटके असलेली खेळाडू. पण कोर्टवर तिचा वावर संकोची असे. गोपीचंद यांनी तिला अकादमीच्या मधोमध उभे राहून, सर्वांसमोर मोठ्याने ओरडायला सांगितले. तिला ते जमेना. ओरडल्याशिवाय रॅकेटला हात लावायचा नाही, असे त्यांनी बजावले. ती रडली, आणि अखेरीस ओरडली.

हे वाचताना कठोरपणा नजरेत भरतो आणि तो आहेच. अशी सक्ती प्रत्येक खेळाडूवर करता येणार नाही आणि करूही नये. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते हे, की गोपीचंद स्वतः शांतपणे खेळणारे म्हणून ओळखले जात. आपल्या स्वभावाप्रमाणे शिकवायचे असते, तर त्यांनी तिला संयम शिकवला असता, आणि संयम तर तिच्याकडे आधीपासूनच होता. तिला कमी पडत होते ते नेमके त्यांच्या स्वभावाच्या पलीकडचे. तिची प्रतिस्पर्धी, स्पेनची कॅरोलिना मरिन, प्रत्येक गुणानंतर आरोळी ठोकत असे आणि दोन रॅलींमधली जागा आपल्या ताब्यात ठेवत असे. तेथे गप्प राहणाऱ्या खेळाडूचे मौन प्रतिस्पर्ध्याला माघार वाटू शकते. आपल्याजवळ नसलेली गोष्ट शिष्याला लागते आहे हे ओळखणे आणि ती आपल्याला न शोभणारी असली तरी तिच्याकडून करून घेणे, येथे खेळाडू पूर्णपणे बाजूला होतो आणि प्रशिक्षक उरतो.

दुसरा प्रसंग फोनचा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपूर्वी सुमारे तीन महिने सिंधूचा मोबाइल फोन तिच्याजवळ नव्हता, आणि शेवटच्या काही दिवसांत आइस्क्रीम व गोड दही यांनाही मनाई होती. रौप्यपदकानंतर गोपीचंद यांनीच हे हसत हसत सांगितले आणि आता तिला फोन परत मिळेल, आइस्क्रीमही खाता येईल असे जाहीर केले. ही बातमी देशभर पसरली आणि अनेक घरांत परीक्षेच्या काळात मुलांचे फोन काढून घेण्याला तिचा दाखला दिला जाऊ लागला.

हा दाखला चुकीचा आहे, असे मला ठामपणे वाटते. सिंधू त्या वेळी २१ वर्षांची व्यावसायिक खेळाडू होती, आणि ज्या ध्येयासाठी बंधन घातले गेले ते तिचे स्वतःचे होते. बंधनाला शेवटची तारीख होती आणि ती तारीख दोघांनाही माहीत होती. ते पाळून झाल्यावर ते उठवले गेले, लांबवले गेले नाही. आणि बंधन एकतर्फी नव्हते: तिच्याबरोबर सरावाला उतरता यावे म्हणून चाळिशी ओलांडलेल्या गोपीचंद यांनीही आपला आहार बदलला आणि वजन आटोक्यात आणले, अशा बातम्या त्या वेळी आल्या होत्या. बंधनाला तारीख नसेल, ध्येय दुसऱ्याचे असेल आणि बंधन घालणारा स्वतः काहीच सोडत नसेल, तर हातातून फोन जाईल, पण लक्ष अभ्यासाकडे किंवा खेळाकडे येईलच असे नाही. आत्मकथनातला प्रसंग उचलताना त्याभोवतीच्या अटी मागे राहतात आणि आपल्या हाती फक्त शिक्षा येते.

१९ ऑगस्ट २०१६ रोजीच्या अंतिम सामन्यात सिंधूने पहिला गेम मरिनकडून २१-१९ असा हिसकावून घेतला. पुढचे दोन गेम ती १२-२१, १५-२१ असे हरली. त्याआधी तिने तैवानची ताई त्झू यिंग, चीनची वँग यिहान आणि जपानची नोझोमी ओकुहारा यांना ओळीने हरवले होते. ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

शिष्य निघून जातो तेव्हा

प्रशिक्षकांच्या आत्मकथनांत हा भाग सर्वांत लवकर आटोपला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत संथपणे वाचायला हवा.

२०१४ मध्ये सायनाने गोपीचंद यांची अकादमी सोडली आणि ती बंगळूरु येथे प्रशिक्षक विमल कुमार यांच्याकडे, म्हणजे पदुकोण यांच्या अकादमीत, सरावाला गेली. तेथे गेल्यावर ती २०१५ मध्ये ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत पोहोचली, जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी गेली आणि जागतिक स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. ज्या गुरूने एखाद्या मुलीला लहानपणापासून ऑलिंपिक पदकापर्यंत नेले, त्याच्याकडून गेल्यावर तिचा खेळ खालावला असता, तर गुरूच्या मनाला निदान एक समजूत मिळाली असती. येथे तीही मिळाली नाही. आपल्याला या ताटातुटीचे दुःख झाले, हे गोपीचंद यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले.

येथे त्यांचा खेळाडू म्हणून असलेला अनुभव काही कामाचा नव्हता. दुखापतीतून परतलेल्या माणसाला स्वतःचे शरीर सावरायचे असते; शिष्य गेल्यावर मात्र दुसऱ्याच्या निर्णयाला मान द्यायचा असतो, आणि त्या निर्णयात आपल्या मर्यादेचा भाग किती हे तपासायचे असते. एका अकादमीत दोन समान दर्जाच्या खेळाडू असतील, तर एकच माणूस दोघींना सारखा वेळ देऊ शकत नाही. दोघी एकमेकींच्या प्रतिस्पर्धी असतील, तर दिलेला वेळही अपुरा वाटू लागतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाचे पद आणि स्वतःची अकादमी एकाच माणसाकडे असावी का, हा आक्षेपही त्या काळात उघडपणे घेतला गेला. गोपीचंद यांच्याविषयी मला मोठा आदर आहे, तरीही हा आक्षेप अप्रस्तुत होता असे मी म्हणणार नाही. व्यवस्था एका माणसाभोवती उभी राहिली, की तिच्या गुणांबरोबर तिच्या मर्यादाही त्या माणसाच्याच होतात.

२०१७ मध्ये सायना हैदराबादला परत आली आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने एकेरीचे सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात समोर सिंधू होती. जाणाऱ्यासाठी दार उघडे ठेवणे आणि येणाऱ्याला मागचे काही न विचारता कोर्ट देणे, याला किती मोठे मन लागले असेल याची कल्पना शिक्षक झालेल्या प्रत्येकाला करता येईल.

दुसऱ्यांचे हात

माझ्या वाचनात गोपीचंद यांच्या कारकिर्दीतला सर्वांत परिपक्व टप्पा याच सुमाराचा आहे, आणि त्यात आरोळी, फोन किंवा गहाण घर यांसारखे सांगण्याजोगे नाट्य काहीच नाही. या वर्षांत भारतीय संघाबरोबर परदेशी प्रशिक्षक काम करू लागले. मलेशियाचे टॅन किम हर २०१५ मध्ये दुहेरीसाठी आले. इंडोनेशियाच्या तौफिक हिदायतला घडवणारे मुल्यो हंडोयो २०१७ मध्ये एकेरीच्या खेळाडूंसाठी आले, आणि त्याच वर्षी किदम्बी श्रीकांतने इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क आणि फ्रान्स येथील चार सुपर सिरीज स्पर्धा जिंकल्या. ज्याच्या नावाची पाटी इमारतीवर आहे त्याने आपल्याच कोर्टवर दुसऱ्याचा शब्द चालू देणे सोपे नसते. हंडोयो वर्षभरातच परतले, टॅन २०१९ मध्ये. पण त्यांनी केलेले काम मागे उरले.

टॅन यांचे काम मला विशेष लक्षणीय वाटते. दुहेरी हा भारतीय बॅडमिंटनचा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेला भाग. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी हे दोघेही उंच, दोघेही मागून जोरदार मारा करणारे. अशा दोघांची जोडी जमवण्याऐवजी एकाला नेटजवळ खेळणारा साथीदार द्यावा, असे रूढ शहाणपण सांगते. टॅन यांनी या दोघांनाच एकत्र आणले. एकेरीत वाढलेल्या, एकेरीतच जिंकलेल्या प्रशिक्षकाला हा निर्णय सुचला असता का, याची मला शंका आहे. तो घेण्याची मोकळीक दुसऱ्या जाणकाराला मिळाली, हे पुरेसे होते.

१५ मे २०२२ रोजी बँकॉक येथे थॉमस चषक या पुरुष संघांच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत भारतासमोर इंडोनेशिया होता. पहिला सामना पदुकोण यांच्या अकादमीत घडलेल्या लक्ष्य सेनने जिंकला. दुसऱ्या सामन्यात सात्विक आणि चिराग पहिला गेम १८-२१ असा हरले, दुसऱ्यात पराभवाच्या उंबरठ्यावरून परतले आणि २३-२१, २१-१९ असे जिंकले. तिसऱ्या सामन्यात श्रीकांतने जोनाथन क्रिस्तीला २१-१५, २३-२१ असे हरवले आणि भारताने हा चषक इतिहासात प्रथमच मिळवला. त्या विजयाचे श्रेय कोणा एका प्रशिक्षकाला देता येत नाही आणि तसे कोणी देऊही नये. पण शेवटचा गुण घेणारा श्रीकांत अकादमीत आला तेव्हा प्रामुख्याने दुहेरी खेळत होता. त्याला एकेरीकडे वळवणारे गोपीचंद होते.